आणीबाणीतली भूमिगत पत्रकं प्रत्यक्ष कशी निघायची? (प्रदर्शनासाठी नेमकी माहिती हवी)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या इतिहास मंडळातर्फे आणीबाणीवर (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) दोन खोल्यांचं छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. नेत्यांचे फोटो आणि घोषणांचे फलक सगळेच लावतात, ते नको आहे. सेन्सॉर बसलेला, मिसाखाली (आरोपाशिवाय स्थानबद्ध करण्याचा कायदा) माणसं आत, सभेला बंदी, अशा वेळी लोकांनी निषेध केला तो कोणत्या साधनांनी, हे हाताने करून दाखवायचं आहे.

एक सायक्लोस्टाइल यंत्र (स्टेन्सिलमधून शाई झिरपवून प्रती काढणारं) मिळण्याची शक्यता आहे. मुलांनी ते फक्त चित्रात पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांपैकीही कुणी चालवलेलं नाही. तेव्हा: स्टेन्सिल कसं कापायचं, एकातून किती प्रती निघायच्या, काय बिघडायचं? पत्रकं पोचायची कशी? आणि भूमिगत सोडून काही उघड, कायदेशीर मार्ग शिल्लक होता का? मुलांचा समज असा की कोर्टं बंदच होती.

---

शाईचेडाग

यंत्र हाती येण्याआधी ते कोणतं आहे ते बघा. गेस्टेटनर पद्धतीचं असेल तर दोन रूळ आणि त्यांवरून फिरणारा रेशमी पडदा असतो, शाई ट्यूबमधून रुळांवर जाते. रोनिओ पद्धतीचं असेल तर एकच मोठा ड्रम आणि शाई आतून. दुसऱ्यात जुनी शाई आत वाळून दगड झालेली असते. ती खरवडायला जाऊ नका, रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा. रबरी फीड-रोलर कडक झाला असेल तर कागद उचलणारच नाही. यंत्र विकत घेण्याआधी नख रोवून पाहायची जागा हीच.

स्टेन्सिल म्हणजे लांब धाग्यांचा पातळ कागद, त्यावर मेणासारखा लेप. खाली आधाराचा जाड कागद, मध्ये बहुधा एक कार्बनसारखा कागद. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची (बहुतेक यंत्रांत त्यासाठी कळ असते) आणि नुसत्या खिळ्याने (अक्षराच्या ठशाने) लेपावर ठोका द्यायचा. लेप बाजूला सरतो, धागे राहतात, त्यातून शाई झिरपते. म्हणून टाइप करण्याआधी खिळे ब्रशने आणि पेट्रोलने स्वच्छ करायचे. खिळ्यात मळ असला की अक्षराचं पोट भरलेलं उमटतं.

आता देवनागरीची खरी अडचण. इंग्रजीत ओ किंवा पूर्णविराम जोरात बसला तर तेवढा ठिपका गळून पडतो. आपल्याकडे शिरोरेषा आहे. दोन अक्षरांच्या रेषा जिथे भिडतात तिथे दोनदा ठोका बसतो आणि ओळभर सलग चीर तयार होते. ड्रमवर ताण आला की स्टेन्सिल त्या चिरेवरच फाटतं, आणि तेही बहुधा वरच्या दोन-तीन ओळींत, कारण पकड तिथे असते. उपाय साधे. ठोका हलका आणि एकसारखा. शब्दांत मोकळी जागा नेहमीपेक्षा जास्त. शब्द किंवा मथळा अधोरेखित करायचा नाही, करायचाच तर तुटक रेघ. हाताने लिहिणार असाल तर टोकदार लोखंडी लेखणी (स्टायलस) घ्या, खाली खरखरीत पट्टी ठेवा आणि शिरोरेषा अक्षरागणिक सोडून ओढा. मोडी लिहिणाऱ्यासारखी आधी रेघ मारून ठेवलीत तर संपलंच. ‘व’, ‘ब’, ‘ठ’ यांची पोटं पूर्ण बंद करू नका, केसाएवढी फट राहू द्या.

चूक झाली तर स्टेन्सिल आधाराच्या कागदापासून पेन्सिल घालून वर उचलायचं, दुरुस्तीचं लाल द्रव पातळ लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुन्हा टाइप. न उचलता लावलं तर ते खाली चिकटतं आणि सोडवताना भोक पडतं.

प्रती: चांगल्या टाइप केलेल्या स्टेन्सिलमधून हजारभर सहज, जपून चालवलं तर त्याहून पुढे. हाताने कोरलेल्यातून काही शेच धरा. कागद खरबरीत, शाई शोषणारा हवा. शाई तेलकट असते, गुळगुळीत कागदावर ती वाळत नाही आणि वरच्या पानाच्या पाठीवर उलटा मजकूर उमटतो. घरी उजळ कॉपियर पेपर असेल तर दर दोन पानांत एक टाकाऊ वर्तमानपत्राचा तुकडा घाला. रीम त्या वेळी वीस दस्त्यांचं, म्हणजे ४८० ताव. हजार प्रतींच्या एकपानी पत्रकाला दोन रिमांपेक्षा थोडा जास्त कागद आणि वाया जाणारा वेगळा.

आणीबाणी लागली ती ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, हे प्रदर्शनात सांगा. दमट हवेत ताव एकमेकांना चिकटतात, एकाऐवजी दोन ओढले जातात, कोरी पानं निघतात. गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून मगच लावायचा. आणि यंत्राचा खडखड आवाज भिंतीपलीकडे जातो. म्हणून जागा निवडताना शेजारी गिरणी, छापखाना, वर्कशॉप असलं तर उत्तम.

सर्वांत मोठा पुरावा छापील प्रत नव्हे, वापरलेलं स्टेन्सिल. त्यावर अख्खा मजकूर प्रकाशाला धरून वाचता येतो. मधल्या कार्बनवरही. दोन्ही जाळायचे. मेणामुळे धूर काळा होतो आणि वास येतो, त्यामुळे बंबात थोडंथोडं.

---

कज्जेदलाल

मुलांचा समज दुरुस्त करायची ही चांगली संधी आहे. कोर्टं बंद नव्हती. उलट पहिले दहा महिने देशातल्या उच्च न्यायालयांनी बरीच हिंमत दाखवली, आणि त्यात मुंबई पुढे होतं.

आधी दोन कायदे वेगळे करून दाखवा, कारण बहुतेक प्रदर्शनं दोन्हींचा गोळा करतात. डीआयआर (भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियम) म्हणजे गुन्हा दाखल, आरोप, खटला. मिसा (१९७१) म्हणजे आरोपाशिवाय स्थानबद्धता. जून १९७५ च्या अखेरीस वटहुकूमाने मिसात कलम १६-अ घातलं: आणीबाणीच्या कारणासाठी स्थानबद्ध केल्याचं सरकारने जाहीर केलं की कारणं कळवायची गरज नाही आणि सल्लागार मंडळापुढेही न्यायचं नाही. फेरविचार सरकारचा सरकारनेच, चार महिन्यांनी. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात महाराष्ट्राचे आकडे मिसाखाली ५,४७३ आणि डीआयआरखाली ९,७९९ आहेत. एकाच भिंतीवर हे दोन आकडे शेजारी लावलेत तर बरंच काम होईल.

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१, २२ (समानता, जीवित व स्वातंत्र्य, अटकेतलं संरक्षण) यांसाठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं की अटकेचा आदेश कायद्याच्या चौकटीत आहे का, एवढं तरी आम्ही तपासू. मुंबईचं नागपूर खंडपीठ त्यांत होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ मतांनी ते दार लावलं, विरोधातले एकटे न्या. एच. आर. खन्ना. तुमच्या कालरेषेवर ही तारीख ठळक हवी. तिच्याआधीचा आणि नंतरचा वकिलांचा डावपेच वेगळा आहे.

आधीचं एक उदाहरण. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईतल्या वकिलांनी जिना हॉलमध्ये नागरी स्वातंत्र्यावर खाजगी, निमंत्रितांची सभा ठेवली. एम. सी. चागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. एन. पी. नथवानी हायकोर्टात गेले आणि डिसेंबरमध्ये मुख्य न्यायाधीश कांटावाला व न्या. तुळजापूरकर यांनी बंदीचा आदेश रद्द केला. हेच जे. सी. शहा पुढे शाह आयोगाचे अध्यक्ष.

दुसरं, मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचं. सेन्सॉरने ११ मजकूर अडवले. मसानींनी ते चोरून छापले नाहीत, लेखी नकार घेऊन हायकोर्टात गेले. १० फेब्रुवारी १९७६ ला न्या. मादन व न्या. कानिया यांच्या खंडपीठाने निकाल त्यांच्या बाजूने दिला: सेन्सॉरचा अधिकार नियमात लिहिलेल्या कारणांपुरताच, सरकारवर टीका आहे म्हणून मजकूर कापता येत नाही.

इथली खुबी ‘लेखी’ या शब्दात आहे. सेन्सॉरचे कितीतरी हुकूम फोनवर यायचे, हे माध्यमांच्या गैरवापरावरच्या १९७७ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत आणि शाह आयोगात नोंदलं गेलंय. फोनवरचा हुकूम कोर्टात दाखवता येत नाही. म्हणून सेन्सॉरकडे मजकूर पोचपावती घेऊन द्यायचा, नकार कागदावर मागायचा, तो मिळाला की त्यावर हायकोर्टात रिट याचिका. संपादकाला हे जमलं तर खटला उभा राहायचा, नाहीतर नुसता अंक रखडायचा. प्रदर्शनात एक टेबल यालाच द्या: पोचपावती, नकाराचं पत्र, याचिका, निकाल, असे चार कागद ओळीने.

तुरुंगाबद्दलही थोडं. स्थानबद्धाला पुस्तकं, पत्रं, भेटी किती, हे राज्याच्या ‘कंडिशन्स ऑफ डिटेन्शन’ आदेशावर चालायचं. ज्याचा उल्लेख आदेशात नाही ते तुरुंग अधिकारी मनाने बंद करू शकत नाहीत, असा १९६५ चा प्रभाकर संझगिरी निकाल होता. संझगिरी मुंबईत स्थानबद्ध होते, त्यांना अणुविज्ञानावरच्या मराठी पुस्तकाचं हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायचं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. आणीबाणीत वकील याच निकालाला धरून सोयींसाठी अर्ज करत राहिले.

---

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. शिरोरेषेचं प्रात्यक्षिकच ठेवतो, एक फाटलेलं स्टेन्सिल शेजारी लावून.

@शाईचेडाग, कोरी स्टेन्सिलं मिळाली नाहीत तर? आणि मजकूर काय ठेवावा? मुलांनी ‘हुकूमशाही मुर्दाबाद’ वगैरे लिहून आणलंय.

---

टपालपेटी

मजकुराबद्दल मी लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे. घोषणा लिहिलेलं पत्रक लोक एकदा वाचून टाकून देत. हातोहात फिरायचं ते बातमी असलेलं: कुणाला, कधी, कुठून नेलं, कुठल्या तुरुंगात ठेवलं, घरच्यांना कळवलं का. नमुना म्हणून लॉरेन्स फर्नांडिस यांचं प्रकरण घ्या. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते म्हणून त्यांच्या या भावाला १ मे १९७६ ला बंगळूरात उचललं आणि कोठडीत छळलं. त्यांच्या आईने राष्ट्रपतींना लिहिलेलं पत्र भूमिगत मार्गाने फिरलं. त्यात विशेषणांपेक्षा तपशील होता आणि म्हणूनच ते परदेशातही विश्वासाने वाचलं गेलं. मुलांना सांगा, विशेषण काढा आणि तारीख घाला.

उलट बाजूही दाखवा. भूमिगत पत्रकांत अफवा भरपूर असत. प्रत्येक हाती नवा आकडा चढायचा. खातरजमा करायला दुसरा माणूस नाही, फोनवर विचारता येत नाही, आणि एक खोटी बातमी पकडली गेली की पुढची दहा खरी पत्रकं कुणी वाचत नाही. नसबंदीच्या सक्तीबाबत हे विशेष झालं. तिथे फुगवायची गरजच नव्हती: १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करून राष्ट्रपतींकडे पाठवलं होतं (संमती कधीच आली नाही). हे विधेयक तुमच्या खोलीत हवंच. दिल्लीतलं तुर्कमान गेट (वस्ती पाडताना गोळीबार झाला ते) सगळ्यांना ठाऊक असतं, स्वतःच्या विधानसभेचं कुणाला आठवत नाही.

पोचवण्याबद्दल. टपाल उघडण्याचा अधिकार सरकारला १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या कलम २६ खाली होताच. म्हणून एकाच पेटीत शंभर सारखी पाकिटं टाकणं म्हणजे हाताने पकडून देणं. पाकिटं वेगवेगळ्या आकाराची, पत्ते वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, पेट्या वेगवेगळ्या पेठांतल्या, काही स्टेशनवरच्या आरएमएसच्या (रेल्वे टपाल सेवेच्या) पेटीत. पाठवणाऱ्याचा पत्ता कोराच ठेवला तर तेवढ्यानेच संशय, म्हणून एखाद्या दुकानाचं नाव.

मोठे गठ्ठे टपालाने जात नसत. एसटीने, लोकलने, माणसाबरोबर. लिहिणारा, टाइप करणारा, छापणारा, वाटणारा ही चार माणसं शक्यतो एकमेकांना न ओळखणारी. प्रत्येकाला मागचा एक आणि पुढचा एक ठाऊक. यात तोटा असा की मधला एक पकडला गेला की साखळी दोन्हीकडून तुटते आणि पुन्हा जोडायला आठवडे जातात. पकडले जाण्याचं नेहमीचं कारण मात्र फितुरी नसून वही. पत्त्यांची वही, वर्गणीचा हिशेब, ‘कुणाला किती प्रती’ची यादी. हिशेब चोख ठेवायची आपली सवय इथे अंगाशी यायची.

टाइपरायटरही बोलतो. एखादा खिळा थोडा तिरका, एखाद्या मात्रेचं टोक तुटलेलं, यावरून हस्ताक्षरतज्ज्ञ यंत्र ओळखतात. त्यामुळे कचेरीतल्या यंत्रावर पत्रक टाइप करणं सर्वांत धोक्याचं, कारण त्याच यंत्रावरची जुनी पत्रं फायलीत तुलनेसाठी तयार असतात.

आणि एक उघड मार्ग कज्जेदलाल यांनी सोडला. विरोधी पक्षांच्या लोक संघर्ष समितीचा सत्याग्रह, १४ नोव्हेंबर १९७५ पासून. तिथे लपणं नव्हतंच. छोटी तुकडी चौकात यायची, पत्रकं वाटायची, घोषणा द्यायची आणि अटक होईपर्यंत थांबायची. याची तयारी भूमिगत कामाच्या बरोबर उलट: खरं नाव सांगायचं, घरची व्यवस्था आधी लावायची, औषधं आणि चष्मा बरोबर. दोन्ही कामं एकाच माणसाला द्यायची नसतात. सत्याग्रही पकडला जाणारच, मग त्याला छापखान्याचा पत्ता ठाऊक असून कसं चालेल?

---

कज्जेदलाल

बरोबर, ते राहिलं होतं. त्याच रांगेत दुर्गाबाई भागवतांना ठेवा. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. त्यांना अटक पुढे १९७६ मध्ये झाली. तुमचं टोपणनाव बघता ही नोंद तुमच्याकडे नसेल तर आश्चर्य.

‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीतली निधनवार्ताही लावा. जून १९७५ च्या शेवटच्या दिवसांत छोट्या जाहिरातींत ‘डी. ई. एम. ओक्रसी’ यांचं २६ जूनला निधन झाल्याचं छापून आलं, पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी. मुलांना ती मोठ्याने वाचायला लावा, मगच कळते. सेन्सॉरचं लक्ष बातम्यांवर आणि अग्रलेखांवर होतं, निधनवार्तांवर नाही. अग्रलेखाची जागा कोरी सोडण्याची युक्ती मात्र फार टिकली नाही, लवकरच त्यालाही मनाई झाली.

---

शाईचेडाग

@कृष्णाकाठ, कोरी स्टेन्सिलं मिळणं अवघड आहे. पुण्याचा जुना बाजार (बुधवार आणि रविवार) आणि मुंबईचा चोर बाजार पाहा. पण मिळालेली जुनी स्टेन्सिलं बहुधा वाळून तडकलेली असतात. घडी उलगडताना करकर आवाज आला तर घेऊ नका.

पर्याय असा. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून जाळी ताणलेली लाकडी चौकट आणा. पतंगाचा पातळ कागद मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवून इस्त्रीने जुन्या वर्तमानपत्रात दाबून एकसारखा करा, जास्तीचं मेण वर्तमानपत्र पिऊन घेतं. वाळल्यावर सँडपेपरवर ठेवून न चालणाऱ्या बॉलपेनने लिहा. तो कागद जाळीच्या खालच्या बाजूला ठेवला की पहिल्या ओढीला शाईनेच चिकटून राहतो. पाण्यातली स्क्रीन-शाई घट्टसर घ्या आणि रबरी पट्टी एकदाच ओढा. दोनदा ओढली की अक्षर फुगतं. वीस-पंचवीस प्रतींनंतर मेण सुटायला लागेल, पण तत्त्व तेच दिसतं आणि मुलांचे हात पाण्याने धुऊन निघतात.

मजकुरात काळाचं भान ठेवा. ‘औरंगाबाद’ लिहा. ₹ हे चिन्ह नको, ते २०१० चं आहे. युनिकोड फॉन्टमध्ये छापून पिवळ्या कागदावर लावलेलं ‘जुनं पत्रक’ लांबूनच खोटं दिसतं.

---

वाळवीकर

मूळ पत्रकं कुणाकडून उसनी मिळाली तर त्यासाठी थोडं.

तेलकट शाईमुळे अक्षरांभोवती पिवळी कडा आलेली असते. ती डाग समजून पुसू नका. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने शाई पसरते आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेपही नको. गंजलेली टाचणी किंवा स्टेपल ओढून काढलं तर कागदाचा तुकडा बरोबर येतो. पाठीमागून पाय सरळ करून, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सोडवा. प्रत्येक पान पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, नोंद क्रमांक मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने. स्कॅन ४०० डीपीआय, रंगीत, मागची कोरी बाजूसुद्धा, कारण तिथे पेन्सिलीने प्रतींची संख्या किंवा गावाचं नाव असू शकतं. भिंतीवर स्कॅनची प्रत लावा, मूळ कागद ट्यूबलाइटखाली पंधरा दिवस ठेवू नका.

कागद शोधायला: आणीबाणीतल्या बंदींना मानधन देण्याची योजना राज्यात २०१८ मध्ये आली, २०२० मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे अर्जांची कामं जिल्हाधिकारी कार्यालयातून झाली आहेत. तिथे कॉलेजच्या पत्रावर विचारा. या मार्गाने सगळे सापडणार नाहीत. काहींनी अर्जच केला नाही, काहींकडे तुरुंगाचा दाखला नव्हता, आणि यंत्र चालवून कधीच न पकडलेल्या माणसाची सरकारी यादीत नोंद असण्याचं कारणच नाही. त्यांच्यासाठी गावातले जुने छापखाने आणि टायपिंग इन्स्टिट्यूट गाठा. नाव लावण्याआधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या.